बातमी शहाद्याहून निघते तेव्हा

२ मे १९७१ रोजी शहादा तालुक्यातल्या पाटीलवाडीत गोळी चालली आणि एक भिल्ल माणूस ठार झाला. ऐन उन्हाळ्याचे दिवस होते. शेतात काम नव्हते, झोपडीत दाणा नव्हता, आणि वर्षभर ज्यांच्या शेतात राबायचे त्यांची कोठारे भरलेली होती. गोळी चालली आणि माणूस मेला, हे कुणी नाकारले नाही. भांडण झाले ते त्याच्या आधी काय घडले यावरून. जमलेले लोक धान्य मागायला आले होते की लुटायला? शहाद्याच्या चळवळीची पुढची सहा-सात वर्षे या एका प्रश्नाच्या उत्तरावर ठरली. आणि ते उत्तर पुण्या-मुंबईच्या वाचकापर्यंत कुणाच्या तोंडून पोचले, हा या प्रकरणाचा विषय आहे.

नंदुरबार जिल्हा त्या वेळी नव्हता. तो १ जुलै १९९८ रोजी झाला. तोवर शहादा, तळोदा, नवापूर, अक्कलकुवा, अक्राणी हे सारे धुळे जिल्ह्याचे तालुके. सुरत-भुसावळ रेल्वे नंदुरबारवरून जाते, शहाद्याला रेल्वे नाही. नंदुरबारहून एसटीने प्रकाशाला तापी ओलांडायची आणि शहाद्यात उतरायचे. तापी-गोमाईच्या काळ्या जमिनीत ऊस, कापूस, केळी पिकत होती. विहिरी, मोटारी, सहकारी संस्था, साखर कारखाना असे समृद्धीचे नवे चित्र उभे राहत होते. त्या चित्रात भिल्ल होता तो सालदार म्हणून. त्याच्या बापाच्या किंवा आजाच्या नावावरची जमीन कर्जापोटी, खोट्या व्यवहारापोटी, कधी थोड्या धान्यापोटी दुसऱ्याच्या नावावर चढली होती, आणि त्याच जमिनीवर तो साल घालत होता.

अशा तालुक्यातून बातमी बाहेर कशी पडायची? मोठ्या दैनिकाचा पगारी प्रतिनिधी जिल्ह्याच्या ठिकाणी असे, तोही असला तर. तालुक्याचा वार्ताहर बहुधा दुसरे काही करून पोट भरणारा माणूस. कुणी शिक्षक, कुणाचे दुकान, आणि बऱ्याच ठिकाणी वर्तमानपत्राचा विक्रेता एजंटच वार्ताहर. मानधन नाममात्र, खरी मिळकत जाहिरातीच्या कमिशनची. जाहिरात कोण देणार? सोसायटी, बाजार समिती, कारखाना, दिवाळीत शुभेच्छा देणारा बागायतदार. मजकूर टपालाने किंवा एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती पाठवायचा. फार तातडीचे असेल तर तार करायची किंवा ट्रंककॉल लावून ताटकळत बसायचे. गोळीबारासारखी घटना घडली की हा माणूस आधी पोलीस ठाण्यात जाणार, कारण तिथे फिर्याद असते, वेळ असते, कलमे असतात, नावे असतात. मग तो गावातल्या पुढाऱ्याशी बोलणार. मजुरांच्या वस्तीवर जाणे त्याच्या रस्त्यात येत नाही. आणि गेलाच, तर तिथली भिली बोली त्याला नीट समजत नाही.

यात त्या वार्ताहराचा दुष्टपणा शोधण्यात अर्थ नाही. त्याने ठाण्यातली फिर्याद इमानाने उतरवली असेल. पण फिर्याद देणारा कोण, हे आधीच ठरलेले असते. ज्याला लिहिता येते, ज्याच्याकडे जीप आहे, ज्याला फौजदार खुर्ची देतो, तो ठाण्यात आधी पोचतो. मेलेला माणूस फिर्याद देत नाही, आणि त्याच्या बरोबरचे लोक एक तर पळालेले असतात किंवा कोठडीत असतात. पहिली बातमी म्हणून जे छापले जाते ते पहिल्या फिर्यादीचे रूप असते. ती खोटीच असते असे नाही. ती एका ओट्यावर बसून लिहिलेली असते, एवढे वाचकाने लक्षात ठेवायला हवे.

दुसरा ओटा तयार व्हायला वेळ लागला, आणि तो शहाद्यातल्याच एका माणसामुळे तयार झाला. पाडळद्याचे अंबरसिंग सुरतवंती, ज्यांना सगळे अंबरसिंग महाराज म्हणत, ते भजनी परंपरेतले, सर्वोदयाच्या सहवासात आलेले आणि स्वतः भिल्ल होते. पाटीलवाडीनंतर त्यांच्याभोवती सर्वोदयाचे कार्यकर्ते जमले, बाहेरून तरुण आले. आयआयटीत शिकलेले कुमार शिराळकर त्यांतले एक. ते आले आणि जन्मभर या भागाशी बांधलेले राहिले. सैन्यातून बाहेर पडलेले दीनानाथ मनोहर आले, जे पुढे मराठीत कादंबरीकार म्हणून ओळखले गेले. जानेवारी १९७२ मध्ये शहाद्याला भूमुक्ती परिषद झाली आणि गेलेल्या जमिनी परत द्या ही मागणी मोकळ्या मैदानात उच्चारली गेली. त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. ग्रामस्वराज्याची भाषा आणि मजुरीच्या लढ्याची भाषा काही काळ एकाच मांडवात नांदल्या, मग त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. १९७४ मध्ये अंबरसिंग महाराज गेले.

या तरुणांचे संबंध पुण्या-मुंबईच्या नियतकालिकांशी होते, आणि तिथेच मराठी पत्रकारितेत एक वेगळी गोष्ट घडली. ‘साधना’ हे साने गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ ला सुरू केलेले, समाजवादी परिवाराचे साप्ताहिक. गुरुजींचा खानदेशाशी संबंध जुना. १९३८ मध्ये अमळनेरहून त्यांनी ‘काँग्रेस’ नावाचे साप्ताहिक चालवले होते आणि त्यात शेतसारा, गिरणी कामगार, दुष्काळ हे विषय असत. श्री. ग. माजगावकरांचा ‘माणूस’ दुसऱ्या घडणीचा. त्यात लांब वृत्तान्त छापण्याची तयारी होती. विषयाला चाळीस पाने लागत असतील तर ती देण्याचे धाडस होते. आणि ‘मागोवा’ हे सुधीर बेडेकर आणि त्यांच्या मित्रांचे मार्क्सवादी मासिक; या मित्रांतले काही जण प्रत्यक्ष शहाद्यात काम करत होते. तीन नियतकालिके, तीन विचारांची. मालक बागायतदार नव्हते, जाहिरातदार कारखाने नव्हते, आणि अंक आठवड्याने किंवा महिन्याने निघत असल्यामुळे फिर्यादीच्या पलीकडे जाऊन विचारपूस करायला सवड होती. ही सवड फार महत्त्वाची होती असे मला वाटते. दैनिकाच्या आणि साप्ताहिकाच्या सत्यात पुष्कळदा फक्त चार दिवसांचे अंतर असते, पण तेवढ्या चार दिवसांत वस्तीवर जाऊन येता येते.

त्या अंतरात काय दिसू शकत होते याचा एक नमुना पाहा. चळवळीच्या पहिल्या वर्षांत शिबिरांतून परतलेल्या बायकांनी गावोगाव दारूचे माठ फोडायला सुरुवात केली. ठाण्याच्या नजरेने पाहिले तर ही किरकोळ नासधुशीची तक्रार. पण वस्तीवर बसून ऐकणाऱ्याला समजले की भट्टी बंद व्हावी हा त्यातला अर्धाच भाग आहे. दिवसाची मजुरी नवऱ्याच्या हातून थेट गुत्त्यावर जाते आणि रात्री तो घरी येऊन मारतो, ही मूळ तक्रार. बायका जमावाने जात, माठ फोडत, आणि बायकोला मारणाऱ्या पुरुषाला सगळ्यांसमोर माफी मागायला लावत. पुरुष कार्यकर्त्यांनी आखलेल्या कार्यक्रमात हे नव्हते. मजुरीवाढीच्या मागणीतून निघालेली चळवळ बायकांनी घराच्या उंबऱ्याच्या आत नेली. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी १९७६ मध्ये शहाद्यावर लिहिलेल्या अभ्यासामुळे ही चळवळ जगभरच्या अभ्यासकांना माहीत झाली. शिराळकरांचे ‘उठ वेड्या तोड बेड्या’ हे पुस्तक मराठी वाचकांसाठी आतून लिहिलेले आहे.

याच काळात पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला आयर्लंड पेटलेले होते. शहाद्याच्या भूमुक्ती परिषदेच्याच महिन्यात, ३० जानेवारी १९७२ रोजी, उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरात नागरी हक्कांच्या मोर्चावर ब्रिटिश पॅराशूट रेजिमेंटने गोळ्या झाडल्या आणि त्या दिवशी १३ माणसे मेली. तिथेही पहिला प्रश्न हाच होता: मोर्चातले लोक निःशस्त्र होते की हल्लेखोर? एप्रिल १९७२ मध्ये लॉर्ड विजरी यांच्या चौकशीने सैनिकांना बव्हंशी दोषमुक्त केले. डेरीच्या रहिवाशांनी सांगितलेली, स्थानिक पत्रकारांनी टिपून ठेवलेली हकीकत मान्य व्हायला लॉर्ड सॅव्हिल यांचा अहवाल यावा लागला. तो आला १५ जून २०१० रोजी, ३८ वर्षांनी, आणि ब्रिटिश पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. डेरीत निदान कॅमेरे होते; जगातल्या मोठ्या वृत्तपत्रांचे प्रतिनिधी रस्त्यावर हजर होते. पाटीलवाडीत कॅमेरा नव्हता. तिथली दुसरी बाजू आज आपल्याला माहीत आहे ती कार्यकर्त्यांच्या टिपणांमुळे आणि काही हजार वाचकांच्या नियतकालिकांमुळे.

मग २५ जून १९७५ ची रात्र आली. आणीबाणी, मिसा, प्रसिद्धिपूर्व तपासणी. श्रमिक संघटनेच्या माणसांना अटका झाल्या, सभा-मोर्चे बंद झाले. ‘साधना’चे संपादक यदुनाथ थत्ते माघार घ्यायला तयार नव्हते; साधना प्रेसला टाळे लावण्यापर्यंत सरकारची मजल गेली आणि त्याविरुद्ध न्यायालयात लढावे लागले. मुंबईत बिनोद राव हे तपासणी अधिकारी होते. मिनू मसानी यांच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ मासिकातले लेख त्यांनी अडवले, तेव्हा मसानी मुंबई उच्च न्यायालयात गेले. फेब्रुवारी १९७६ मध्ये न्यायमूर्ती मादन आणि न्यायमूर्ती कानिया यांनी निकाल दिला की तपासणी अधिकाऱ्याचे काम जनतेचे मन एका रंगात रंगवण्याचे नाही. आणीबाणीतही टीकेला जागा आहे. आणीबाणीच्या ऐन मध्यावर उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी असे म्हणणे ही मराठी मुलखाने अभिमान बाळगावा अशी गोष्ट आहे.

आयर्लंडच्या प्रजासत्ताकाने वेगळा मार्ग घेतला. तिथल्या प्रसारण कायद्याच्या ३१ व्या कलमाखाली सरकारने १९७१ मध्ये राष्ट्रीय आकाशवाणी-दूरचित्रवाणी संस्थेला आदेश दिला की हिंसक संघटनांची बाजू प्रक्षेपित करायची नाही. नोव्हेंबर १९७२ मध्ये केव्हिन ओ’केली या पत्रकाराने आयआरए या सशस्त्र संघटनेच्या प्रमुखाच्या मुलाखतीवर आधारित वृत्त दिले, तेव्हा सरकारने संस्थेचे सगळे संचालक मंडळच बरखास्त केले. न्यायालयात आवाज ओळखायला नकार दिला म्हणून ओ’केलीला तुरुंगवासाची शिक्षा झाली. हा निर्बंध जानेवारी १९९४ पर्यंत चालला. आपली आणीबाणी एकवीस महिन्यांची होती आणि ती उघडपणे घाव घालत होती. तिथला निर्बंध बावीस वर्षे सौम्यपणे चालू राहिला, आणि तेवढ्या अवधीत प्रक्षेपण करणाऱ्यांची एक अख्खी पिढी विषयच टाळायला शिकली. अडवलेला लेख निदान दाखवता येतो. न लिहिलेला लेख कुणाला दाखवायचा?

शहाद्याच्या बाबतीत न लिहिलेला लेख कोणता होता ते नेमके सांगता येते. गेलेल्या जमिनींची मागणी विधानसभेत पोचली होती आणि १९७४ मध्ये महाराष्ट्राने अनुसूचित जमातींना जमिनी परत करण्याचा कायदा केला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासीकडून बिगर आदिवासीकडे गेलेल्या जमिनींना तो लागू होता, आणि तो अमलात आला १ नोव्हेंबर १९७५ रोजी, आणीबाणी चालू असताना. त्याच दिवसांत वेठबिगारी बंद करणारा वटहुकूम आला, महाराष्ट्रात कर्जमुक्तीचा कायदा झाला, इंदिरा गांधींचा वीस कलमी कार्यक्रम गावोगाव भिंतींवर रंगवला गेला. म्हणजे चळवळीने मागितलेल्या पुष्कळ गोष्टी कागदावर मिळाल्या, आणि त्या खरोखर मिळाल्या का हे विचारणारा माणूस तुरुंगात होता आणि छापणारा मुद्रक तपासणी अधिकाऱ्याच्या दारात उभा होता. किती सातबारे बदलले, किती जमिनी ताब्यात आल्या आणि पुढच्याच हंगामात पुन्हा निसटल्या, तलाठी काय म्हणाला, प्रांताने कोणती तारीख दिली, ही साधी, कोरडी, गावनिहाय पत्रकारिता त्या महिन्यांत व्हायला हवी होती. ती झाली नाही. नंतर ती करायला कुणाला उत्साह राहिला नाही, कारण तोवर देशाचे लक्ष निवडणुकीकडे वळले होते.

मार्च १९७७ ची ती निवडणूक. उत्तर भारतात काँग्रेस भुईसपाट झाली, खुद्द इंदिरा गांधी रायबरेलीत पडल्या. महाराष्ट्रातल्या ४८ जागांपैकी काँग्रेसला २० मिळाल्या, आणि त्यांत नंदुरबार होता. सुरुपसिंग नाईक निवडून आले. १९६७ पासून काँग्रेसकडे असलेला हा मतदारसंघ पुढे २०१४ पर्यंत काँग्रेसकडेच राहिला. शहाद्याची चळवळ मन लावून वाचणाऱ्या पुण्याच्या वाचकाला हे कोडे वाटले असणार. माझ्या मते त्यात कोडे काही नाही, पण चळवळीच्या बाजूने लिहिणाऱ्या पत्रकारितेची मर्यादा मात्र आहे. तिचा सारा उजेड शहाद्याच्या काळ्या जमिनीवर पडला होता, जिथे सालदार आणि मालक समोरासमोर होते. नवापूर, अक्कलकुवा, अक्राणीतले धडगाव इथे चित्र वेगळे. तिथे आश्रमशाळा, रोजगार हमीचे काम, रेशन, वनखात्याचा गार्ड अशा रोजच्या गोष्टींतून सरकार भेटत होते आणि आदिवासी पुढारीच काँग्रेसचे उमेदवार होते. वेठबिगारी ‘बाईंनी’, म्हणजे इंदिरा गांधींनी, बंद केली, हे कानावर आलेले होते. लिहिणाऱ्यांनी लढणाऱ्या माणसाकडे पाहिले. मत देणाऱ्या माणसाकडे पाहायला ते कमी पडले. ही दोन माणसे पुष्कळदा एकच असतात, म्हणून तर हे चुकले.

पुढच्या दशकात वादळ सातपुड्याच्या आत सरकले. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाच्या पाण्याखाली महाराष्ट्रातली ३३ गावे जाणार होती, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. मणिबेली त्यांतले पहिले. या गावांची बातमी काढणे शहाद्याहूनही कठीण. मणिबेलीला जायचे तर गुजरातेत केवडियाला जाऊन नदीकडून जाणे सोयीचे. महाराष्ट्राच्या बाजूने धड रस्ता नव्हता. त्यामुळे पत्रकाराला दोनच आधार उरत, सरकारी पत्रक आणि नर्मदा बचाव आंदोलनाचे पत्रक. जून १९९२ मध्ये जागतिक बँकेने नेमलेल्या मोर्स समितीचा अहवाल आला, आणि पुनर्वसन व पर्यावरणाबद्दल आंदोलन जे सांगत होते त्यातला बराच भाग तिऱ्हाईताने लिहून दिला. मार्च १९९३ मध्ये बँकेचे उरलेले कर्ज थांबले. त्याच वर्षी नोव्हेंबरात अक्राणी तालुक्यात पोलिसांच्या गोळीने पंधरा वर्षांचा एक आदिवासी मुलगा गेला. पाटीलवाडीला बावीस वर्षे उलटून गेली होती आणि पहिल्या बातमीचा प्रश्न तोच होता.

या काळातला एक पत्रकार मला फार मोलाचा वाटतो, तो म्हणजे संजय संगवई. पुण्यात पत्रकारिता करणारा हा माणूस नर्मदेवर गेला आणि आंदोलनाचाच झाला; ‘आंदोलन’ हे मासिक त्याने जनआंदोलनांसाठी चालवले. २००७ मध्ये तो अकाली गेला. आंदोलनात सामील झालेला पत्रकार पत्रकार राहतो का, असा प्रश्न त्याच्यासारख्यांना नेहमी विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. संगवईंचे लेखन वाचले तर उत्तरही मिळते: धरणाची उंची, बुडणारी हेक्टरे, लवादाच्या अटी, पुनर्वसनाचे ठराव हे सारे त्यात तपासता येईल अशा रीतीने दिलेले असते. आपली बाजू सांगून टाकणारा आणि आकडे उघडे ठेवणारा लेखक वाचकाला फसवत नाही. तटस्थ म्हणवून एकाच ओट्यावर बसणारा फसवू शकतो, कधीकधी त्याच्या स्वतःच्या नकळत.

२९ सप्टेंबर २०१० रोजी देशभरचे पत्रकार शहादा तालुक्यातल्या टेंभलीत उतरले, कारण पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या हस्ते देशातले पहिले आधार क्रमांक तिथे दिले गेले. त्यानंतर अधूनमधून कुणी ना कुणी टेंभलीला जाते आणि पहिल्या कार्डाचे पुढे काय झाले ते लिहिते. बाहेरून आलेल्या माणसाचे परत येणे हीसुद्धा या जिल्ह्याच्या पत्रकारितेत नवी गोष्ट आहे. १९७१ साली धान्य मागणाऱ्यांच्या घरी दुसऱ्यांदा जाणारे फार थोडे होते.

पण या साऱ्या लेखनाबद्दलची सर्वांत बोचरी तक्रार बाहेरच्या कुणी केलेली नाही. वाहरू सोनवणे श्रमिक संघटनेत घडलेले भिल्ल कवी, ‘गोधड’ हा त्यांचा संग्रह. त्यांच्या ‘स्टेज’ या कवितेत व्यासपीठावर चढलेले लोक आदिवासींचे दुःख आदिवासींनाच सांगत राहतात आणि ज्यांचे दुःख आहे ते खाली बसून ऐकतात. ही कविता मालकांवर लिहिलेली नाही, ती मित्रांवर आहे. ‘साधना’, ‘माणूस’, ‘मागोवा’ यांनी दुसरा ओटा उभा केला, त्याचे ऋण मोठे. पण त्या ओट्यावरही मराठी प्रमाणभाषा बोलणारे शहरी लोकच बसले होते. वाहरू पुढे आदिवासी एकता परिषदेच्या कामात शिरले. गणेश देवी यांच्या बडोद्याच्या संस्थेने ‘ढोल’ हे नियतकालिक आदिवासी भाषांमधून काढले. आज धडगावचा मुलगा मोबाइलवर पावरी बोलीत व्हिडिओ करतो, बंद पडलेल्या आरोग्य केंद्राचे कुलूप दाखवतो आणि तो जिल्हाभर फिरतो. त्याला मानधन नाही, ओळखपत्र नाही, मागे संपादक नाही. चुकीचे काही गेले तर दुरुस्त करणारा कुणी नाही आणि गुन्हा दाखल झाला तर वकील देणारे कुणी नाही. साप्ताहिकांकडे जे होते, म्हणजे मजकूर तपासणारी दुसरी नजर आणि अडचणीत पाठीशी उभा राहणारा संपादक, ते या मुलाला कुणी द्यायचे हे नंदुरबारच्या पत्रकारितेपुढचे आजचे काम आहे, आणि ते अजून कुणी अंगावर घेतलेले नाही.